दंडाचं जेवण

शेजारच्या घरची वाटी रिकामी परत करू नये, हे आईनं मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. आम्ही ब्रह्मपुरीकडचे धानवाले. आमच्याकडे वाटी रिकामी गेली तर घराची इज्जतच तिच्यासोबत गेली असं समजतात. चिमूटभर साखर टाका, दोन लिंबं टाका, काहीच नसेल तर मूठभर तांदूळ टाका, पण वाटीचं बूड दिसता कामा नये. आणि माझ्या नशिबी घरमालकीण आली ती अशी, की भरलेली वाटी घेऊन दारात गेलं तर वाटीसकट हाकलून लावायची.

"हे काय आनलं?"

"थोडा चिवडा आहे, आयाबाई. तुमची वाटी होती माझ्याकडे."

"मी तुले भाजी उधार देल्ली होती का?"

"तसं नाही, पण रिकामी कशी द्यायची?"

"रिकामीच द्याची. खाताना लाज नाई वाटली, आता कायची लाज वाटून राह्यली? जा, चिवडा तुह्या डब्यात टाक, वाटी धू अन मंग आन."

मी खरंच परत गेले, चिवडा डब्यात ओतला, वाटी घासली आणि नेऊन दिली. तिनं ती उजेडात धरून आतून पाहिली आणि समाधानानं फळीवर ठेवली. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, मी वेड्या बाईच्या घरात राहते आहे.

धानोऱ्यापासून बरंच आत, जंगलातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली होती. राहण्याजोगी रिकामी खोली अख्ख्या गावात एकच, आणि ती हिची. मिशनच्या एका दवाखान्यात ती आयुष्यभर आया होती, म्हणून सगळे तिला आयाबाई म्हणत. नवरा फार पूर्वी गेलेला. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. रविवारी ती मंडळी हिच्याच सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, सतरंजी टाकून प्रार्थनेला बसत. महिन्यातून एकदा चंद्रपूरहून पाळकसाहेब यायचे. बाकीचे रविवार हिचं राज्य.

रोज पहाटे ती बायबल मोठ्यानं वाचायची. माझ्या आणि तिच्या खोलीमधली भिंत कुडाची, त्यामुळे ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. आणि वाचायची कसं, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक ओळ न गाळता. मग पुन्हा पहिल्या पानापासून. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी नावांची लांबलचक यादी आली की मी उशीत तोंड खुपसायची. एकदा हात जोडून म्हटलं, "आयाबाई, एवढी नावं तरी सोडा. त्यांच्यावाचून कोणाचं अडलं आहे?"

"भाजी निवडून खा. हे निवडाचं नाई," ती म्हणाली. "आपल्याले गोड लागते तेवढं घेतलं, तं बोलनारे आपन झालो. मंग देव काय बोलला ते कधी ऐकू येनार?"

पण त्या पुस्तकाला कोणी हळदकुंकू लावलेलं तिला खपत नसे. गावातल्या बायका भोळ्या. लेकराला ताप आला की तिचं पुस्तक मागायला यायच्या, उशाखाली ठेवायला. धानाचं बियाणं काढलं की एखादी म्हणायची, जरा ढिगावर ठेवू द्या ना, पीक चांगलं येईल. आयाबाई पुस्तक द्यायची नाही. पण पुस्तक घेऊन स्वतः त्यांच्या घरी जायची, लेकराच्या उशाशी बसून वाचून दाखवायची आणि वर दम भरायची, "हा ताईत नाई. ऐकासाठी हाय. अन पोराले आजच्या आज दवाखान्यात ने." वाचून झालं की त्या बाईनं चहा पुढे केला, तर घ्यायची मात्र. फुकटचं घ्यायला आपल्याला कधी लाज वाटली नाही, हे ती अभिमानानं सांगायची.

आणखी एक खोड. होय म्हणायचं तर होय, नाही म्हणायचं तर नाही, असं शास्त्रात लिहिलं आहे म्हणून ती ‘पाहू’, ‘जमलं तर येईन’ हे शब्दच वापरत नसे. लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्याला तोंडावर "येत नाई" म्हणायची. लोक आधी दुखावत, मग हसत, मग दुसऱ्यांना रंगवून सांगत. आमचे मुख्याध्यापक तिच्याशी बोलायलाच घाबरायचे.

जीपमध्ये मात्र ती कधी बसली नाही. धानोऱ्याला जायचं तर दिवसातून एकदा येणाऱ्या एसटीनं, नाहीतर पायी. नव्यानं आलेल्या मला वाटलं हाही एक चक्रमपणा. मग शाळेतल्या स्वयंपाकीण बाईनं सांगितलं.

आयाबाईला एकुलता एक मुलगा होता. गावातलाच एक माणूस सवारी जीप चालवायचा. एका बाजाराच्या दिवशी तो मोहाची पिऊन गाडीवर बसला, नाल्याच्या वळणावर जीप उलटली, आणि त्याच्या शेजारी बसलेला आयाबाईचा मुलगा जागच्या जागी गेला. जीपवाला वाचला. कोर्टात शिक्षा झाली, ती भोगून तो गावात परत आला. पण कोर्टाचं कोर्टापाशी. गावाचा रिवाज वेगळा होता.

तो रिवाज मला आधी रानटी वाटला होता, नंतर नाही. कोणाच्या हातून असा मोठा गुन्हा झाला की त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही, त्याच्याकडे कोणी जेवत नाही, सोयरीक करत नाही. पण त्यातून परत यायची वाट ठेवलेली असते. त्यानं साऱ्या गावाला जेवण द्यायचं, दंडाचं जेवण. आणि ज्या घराचं नुकसान झालं, त्या घरच्या माणसानं पहिला घास घ्यायचा. तो घास पोटात गेला की गुन्हा संपला. पुन्हा कोणी तो विषय काढायचा नाही. कोर्टापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे, असं मला आजही वाटतं.

जीपवाला परत आल्यावर आयाबाईकडे आला होता. जेवण देतो, तुम्ही घास घ्या, म्हणाला. तिनं ‘नाई’ म्हटलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा आला. पुन्हा ‘नाई’. पहिला घास घेणारं माणूसच नसेल तर जेवण कशाचं? तेव्हापासून तो माणूस स्वतःच्या गावात परक्यासारखा राहत होता. दारू सुटली होती, जीप तर कधीच गेली होती. जंगलातून बांबू आणायचा, मोह वेचायचा, आणि आयाबाई समोरून आली की रस्ता सोडून बाजूच्या झुडपात उभा राहायचा. ती मान ताठ ठेवून निघून जायची.

हे कळल्यावर मला तिच्या बोलण्याचा वेगळाच राग येऊ लागला. कारण दिवसभर तिच्या तोंडी कृपा. "देवाची कृपा फुकट हाय, मास्तरीनबाई. तेच तं मानसाले झेपत नाई. आपल्याले वाटते, आपन काईतरी देल्लं पायजे. उपास करू, पुन्य करू, नारळ फोडू. त्यानं म्हटलं, काई आनू नका, मीच भरलं."

"म्हणजे कर्माचं फळ नाहीच का?" मी भांडायची. "चोरानं मजा करायची आणि शेवटी माफी मागायची?"

"फळ हाय ना. ते येशूनं खाल्लं." ती सुपातले तांदूळ निवडत शांतपणे बोलायची. "तो पुरा मानूस होता, त्याले दुखलं. अन पुरा देव होता, म्हनून ते साऱ्याइले पुरलं. मेला, अन तिसऱ्या दिवशी उठला. हे खोटं असन तं माह्यासारखी मूर्ख बाई जिल्ह्यात नाई. खरं असन तं माहा पोरगा मले भेटनार हाय. तुले पटवाले मी बसली नाई. तू इचारलं म्हनून सांगतलं."

मला ते पटलं असं मी म्हणणार नाही. मी आजही घरच्या देवांना दिवा लावते. पण तिचं ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर वाद घालायची इच्छाच व्हायची नाही.

आता तिचं एक बिंग सांगते. रविवारी शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. आम्ही जशी इतरांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची एक ओळ तिच्यात येते. बाकीची प्रार्थना आयाबाई खणखणीत आवाजात म्हणायची. ती ओळ आली की तोंड मिटायची, आणि ओळ संपली की पुन्हा सुरू करायची. नावांची यादीसुद्धा न सोडणारी बाई नेमकी ती ओळ सोडायची. सपरीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं. कोणाची बोलायची टाप नव्हती.

त्या वर्षी तेंदूपत्त्याच्या हंगामात जीपवाल्याच्या मुलीला स्थळ आलं. गुणी मुलगी. अंगणवाडीत मदतनीस होती, लेकरं तिच्याच मांडीवर बसायला भांडायची. मुलाकडचे कुरखेड्याकडचे, घर चांगलं, मुलालाही ती पसंत. पण त्यांची एकच अट. तुमच्या बापाला गावानं आत घेतलं की आम्ही बोलणी करू, तोवर आम्ही तुमच्या दारचं पाणी पिणार नाही. यात त्यांची तरी काय चूक म्हणावी?

एके दिवशी दुपारी ती पोरगी एकटीच आयाबाईच्या सपरीत येऊन उभी राहिली. मी खोलीत वह्या तपासत होते.

"जोहार, आयाबाई," ती म्हणाली. "बापाले मी घरीच ठेवलं. मी माह्यासाठी आली. एक घास खासान का?"

आयाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाई."

पोरगी रडली नाही. पदराला हात पुसले आणि निघून गेली. ते पाहून माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले आणि मनात साचलेलं सगळं बोलून टाकलं.

"मला वाटी रिकामी आण म्हणून दारातून परत पाठवता, आणि त्या पोरीला काय सांगितलंत? तुम्हाला सगळं फुकट पाहिजे, तिच्या बापाला मात्र काही मिळायला नको. आणि निवडून खाऊ नये म्हणता ना? मग दर रविवारी ती एक ओळ कोण बाजूला काढतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खोली खाली करायला सांगणार.

"त्या ओळीशी माहं भांडन हाय," ती म्हणाली. "देवाले ठाऊक हाय. मी लपवलं नाई."

"मग कधी मिटणार आहे ते?"

"तुहं पोरगं मेलं का?" ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढचे काही दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पहाटेचं वाचन चालूच होतं, पण आवाज बसल्यासारखा. एका पहाटे वाचता वाचता ती मध्येच थांबली. मी कान देऊन पडले होते. पाठ असलेली प्रार्थना ती एकटीच म्हणू लागली, हळूहळू, आणि त्या ओळीपाशी आल्यावर अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा अडली. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी ती ओळ तिच्या तोंडून बाहेर पडली, आणि मागोमाग अशी रडली की मी उठून बसले. मला फार वाईट वाटत होतं, पण त्या वेळी तिकडे जाणं बरं नव्हतं.

सकाळी केस विंचरून ती माझ्या दारात उभी. "चल माह्यासंगं. पंचाकडे जाचं हाय."

गावचा म्हातारा पंच अंगणात बांबूच्या टोपलीचा काठ विणत बसला होता. जोहार झाला. आयाबाई खाली बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"जीपवाल्याच्या दंडाचं जेवन करा म्हनते."

"तू घास घेतेस?"

"घेते. पन जेवन तो नाई देनार. मी देईन."

पंचाचे हात थांबले. "असं कुठी असते, बाई? गुन्हा त्याचा. दंड ज्यानं केलं त्यानं द्याचा."

"रिवाज काय हाय? जेवन झालं पायजे, गाव जेवलं पायजे, माह्या घरचा घास गेला पायजे. तांदूळ कोनाच्या घरचे, हे पाहाले देव येते का?"

म्हातारा विचारात पडला. आतून बायकोला बोलावलं, तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलला. ती आयाबाईकडे पाहत राहिली. मग म्हातारा म्हणाला, "आजवर कोनी केलं नाई. पन करू नोको असंबी कोनी सांगतलं नाई. तुहं पोरगं गेलं, अन जेवनबी तूच देशीन?"

"होय," आयाबाई म्हणाली.

नेमके त्याच आठवड्यात पाळकसाहेब आले. भला माणूस, पण नियमाचा. त्यांना ते जेवण काही रुचलं नाही. "बाई, तुम्ही क्षमा केलीत हे फार मोठं केलंत," ते म्हणाले. "पण ती मनात केली तरी पुरे. हे दंडाचं जेवण आपल्यातलं नाही. आपण त्यात कशाला पडायचं?"

"साहेब, देवानं मनातल्या मनात माफ केलं असतं, तं तो क्रुसावर कायले गेला असता?" आयाबाई म्हणाली. "माफीचं कोनाले तरी भराव लागते. तो अन त्याची लेक गावाच्या बाहेर अन मी मनात माफ करून घरात बसू का? मले पुस्तकात दाखवा, असं करू नोको म्हनून. दाखवलं तं नाई करत."

पाळकसाहेबांनी पानं चाळली नाहीत. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, "चुली किती मांडायच्या?" त्या दिवशी तो माणूस मला फार आवडला.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून आम्ही राबत होतो. शेजारच्या बायकांनी पळसाच्या पत्रावळी लावल्या. मोठ्या गंजात भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी, कोंबडीचा रस्सा. आयाबाई कोणाला पळीला हात लावू देईना. दुपारी अख्खं गाव अंगणात आणि रस्त्यावर पंगत धरून बसलं.

जीपवाला आला, मागे पोरगी. तो अंगणाच्या बाहेरच थांबला. खांद्यावर जळणाची मोळी होती. आयाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा रस्ता सोडला नाही, सोडायला जागाच नव्हती.

"हे काय आनलं?"

"लाकडं. चुलीले." तो खालीच पाहत होता. "मले निदान वाढू तं द्या. पानी तरी वाढतो."

"नाई. तू आज काई कराचं नाई. बस."

"मले बसवत नाई, आयाबाई."

"मले तरी कुठी वाढवते?" ती म्हणाली. "तरी वाढून राह्यली ना मी. बस."

तो बसला. त्याच्या पानावर तिनंच भात वाढला. मग ती त्याच्या शेजारी, मधली जागा न सोडता, स्वतःचं पान घेऊन बसली. पंचानं हात वर केला. सगळं गाव पानावर हात ठेवून तिच्याकडे पाहत होतं, कारण तिच्या घासाआधी कोणाला जेवता येत नव्हतं.

तिनं भात कालवला, घास केला आणि तोंडापाशी नेला. तो तिथंच राहिला. ती पोरगी डोळे मिटून बसली होती. आता ही ‘नाई’ म्हणणार आणि उठणार, असं मला अगदी वाटलं. मग तिनं घास तोंडात घातला, चावला, कष्टानं गिळला, आणि पाळकसाहेबांकडे वळून म्हणाली, "डाळीत मीठ कमी पडलं."

सारं गाव एकदम बोलायला आणि जेवायला लागलं. जीपवाला भातावर ओणवा होऊन हमसून हमसून रडत होता आणि आयाबाई त्याला दटावत होती, "जेव. थंडा होऊन राह्यला."

संध्याकाळी भांडी घासताना मी तिला विचारलं, आता हलकं वाटतं का.

"नाई," ती म्हणाली. "मले वाटलं होतं वाटन. राग हाय अजून. उद्याबी असन. पन आता तो माहा राग हाय, त्याचा दंड नाई. मी देवाजवळ बसून पाहून घेईन."

पावसाळ्याआधी पोरीचं लग्न झालं. मांडव जीपवाल्याच्याच दारात पडला आणि वऱ्हाडानं त्याच्या घरचं पाणी पोटभर प्यायलं. आयाबाई ‘येते’ म्हणाली होती, म्हणून आली. रविवारची प्रार्थना ती आता सबंध म्हणायची, फक्त त्या ओळीवर आवाज जरा जाड व्हायचा.

लग्नानंतर जीपवाला रोज येऊ लागला. पण आयाबाई त्याला टिकू देईना. छपराचे कवेलू फेरायला शिडी लावली, तर तिनं शिडी काढायला लावली. बांबूचा भारा आणून टाकला, तर तो परत न्यायला लावला. "फेडाले येत असशीन तं येऊ नोको," म्हणायची. तो बिचारा गोंधळून जायचा. मलाही त्याची दया यायची. मग त्याचं येणंच थांबलं.

माझी बदली होण्याच्या सुमाराची गोष्ट. झड लागली होती आणि आम्ही दोघी सपरीत जेवायला बसलो होतो. जीपवाला अंगणात येऊन उभा राहिला, ओला चिंब. हातात ना बांबू, ना मोळी. पोरगी सासरी गेली होती, घरात तो एकटाच असायचा.

"काय फेडाले आला?" आयाबाईनं विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला. "भूक लागली."

आयाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती थोडी सरकली, आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाली, "हात धू."